मदत नको, खातं द्या

(सांगलीतली दोन घरं, मध्ये कमरेएवढी भिंत. अलीकडं मनीषा कपडे वाळत घालतीये, पलीकडं लीलाकाकू मेथी निवडतायत.)

मनीषा : काकू, कळलं का? समोरच्यांचा पुण्याचा इंजिनियर आलाय.

लीलाकाकू : आत्ताच तर गेला होता की गं!

मनीषा : दोन दिवसांसाठी आलाय. बॅग भरून काय आणलंय म्हणाल? मळके कपडे! त्याची आई सकाळपासून मशीनच लावतीये.

लीलाकाकू : का, तिकडं मशीन नाही?

मनीषा : आहे की, फ्लॅटवरच आहे. पण एकदा नवा लाल टीशर्ट सगळ्यांत टाकला, तर त्याचे आणि पार्टनरचे सगळे शर्ट गुलाबी! तेव्हापासून पार्टनरनं मशीनला हात लावू दिला नाही.

लीलाकाकू : सीईटीला किती पडले होते गं त्याला?

मनीषा : अठ्ठ्याण्णव पर्सेंटाइल.

लीलाकाकू : मग बरोबर आहे. बारावीपर्यंत पाण्याचं भांडंसुद्धा जागेवर मिळत होतं. काही म्हणायला गेलं की, ‘अभ्यास आहे त्याला.’ अभ्यास काय आम्ही केला नाही?

मनीषा : मी तर बाई आमच्या ओमला रोज सांगते, मदत कर, मदत कर. घसा कोरडा पडतो, पण ढिम्म.

लीलाकाकू : तिथंच तर गोम आहे. मदत म्हणजे काम तुझं, त्यानं नुसता हात लावायचा. तू सांगितलंस की करणार, नाही सांगितलंस की बसला. मला सांग, भाजी आण म्हटलं की आणतो नं?

मनीषा : आणतो की. कुरकुरत, पण आणतो.

लीलाकाकू : आणि घरात काय संपलंय, कुठली पालेभाजी आज केली नाही तर उद्या टाकावी लागेल, रात्री जेवायला किती माणसं आहेत, हे कोण बघतं?

मनीषा : मीच की. दुसरं कोण?

लीलाकाकू : मग तो शिकला काय? हमाली! डोकं तर तुझंच चाललंय. अगं, मदत मागू नकोस, अख्खं खातं देऊन टाक. आमच्या नातवाला मी गॅस दिलाय.

मनीषा : गॅस? काकू, सातवीतलं पोर!

लीलाकाकू : पेटवायला नाही गं, सांभाळायला. नंबर तो लावतो. टाकी आली की सील बघतो, काटा लावायला सांगतो. रिकाम्या टाकीचं वजन टाकीवरच लिहिलेलं असतं, त्यात १४.२ किलो मिळवायचे. गणिताच्या पेपरात दशांश चुकतो, पण इथं एकदा चुकला नाही बघ.

मनीषा : भलताच की!

लीलाकाकू : पुढं ऐक. वरच्या कड्याला धरून ज्या पट्ट्या असतात नं, त्यांच्यावर आतल्या बाजूला अक्षर आणि आकडा असतो. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे सप्टेंबरपर्यंत, डी म्हणजे डिसेंबरपर्यंत. पुढचा आकडा सालाचा. डी २७ असेल तर २०२७ संपायच्या आत ती टाकी तपासणीला जायला पाहिजे. मागं एक मुदत उलटलेली टाकी आली होती. मी पैसे काढत होते आणि हा दारात उभा, ‘काका, ही नको, दुसरी द्या.’ तो काका माझ्याकडं बघायला लागला, मी म्हटलं, त्याच्याशीच बोला, खातं त्याचं आहे.

मनीषा : आणि गळली-बिळली तर?

लीलाकाकू : तेही पाठ आहे. गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून मुद्दाम घालतात. तो हवेपेक्षा जड, खाली जमिनीलगत साठतो. म्हणून वास आला की दारं-खिडक्या सताड उघडायच्या, दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही, चालूही नाही आणि बंदही नाही, आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन करायचा. रेग्युलेटर मात्र अजून मीच बसवते, तो शेजारी उभा राहून बघतो. वय बघूनच द्यायचं असतं.

मनीषा : पण काकू, सवड कुठाय? ओम भेंडी चिरायला बसला की अर्धा तास. तेवढ्यात माझा सगळा स्वयंपाक होतो.

लीलाकाकू : सवडीचं सोड. परवा त्यानं टॉवेलच्या घड्या घातल्या. आमच्या गॅलरीतून दिसतं सगळं. कोपऱ्याला कोपरा जुळला नव्हता म्हणून तू त्याच्यासमोर एकेक टॉवेल झटकून परत घडी घातलीस. पुढच्या वेळी कशाला घालेल तो?

मनीषा : बाई बाई, तुमचं लक्ष असतं का सगळीकडं!

लीलाकाकू : बालवाडीत बाई होते नं मी, सवय आहे. माँटेसरीबाईंनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालघर काढलं, तिथं पोरांच्या हाताला झेपतील असे झाडू, पाणी ओतायची छोटी भांडी ठेवली. आपल्याकडं ताराबाई मोडकांनी बोर्डी-कोसबाडला ते आणलं, पण महागाचं सामान न घेता गावात मिळतं त्यातनं. आम्हीही तेच करायचो. पाणी सांडलं तर बाईंनी पुसायचं नाही. फडकं कुठं असतं ते पोराला माहीत पाहिजे आणि त्याच्या हाताला लागलं पाहिजे. तुझी पोळपाट-लाटण्याची फळी केवढ्या उंचीवर आहे?

मनीषा : माझाच हात टाचा उंचावून पोचतो. पण सासूबाई म्हणतात, पोरीला शिकव हवं तर, पोराला कशाला?

लीलाकाकू : का, त्याला पोट नाही?

मनीषा : बरं, मग ओमला कुठलं खातं देऊ?

लीलाकाकू : त्यालाच विचार.

मनीषा : मला माहितीये, रविवारचे पोहे म्हणणार.

लीलाकाकू : मग रविवारचा नाश्ता त्याचा. पोहे आहेत का, कांदा आहे का, शेंगदाणे कधी संपतायत, सगळं त्यानं बघायचं. शनिवारी आठवण करायची नाही.

मनीषा : आणि पोहे भिजवून लगदा केला तर?

लीलाकाकू : लगदा खायचा. पुढच्या रविवारी आपोआप चाळणीत धुऊन निथळत ठेवेल.

मनीषा : आणि शेंगदाणेच नसले तर?

लीलाकाकू : बिनशेंगदाण्याचे खायचे. तू बाहेरच्या खोलीत बसायचं, फोडणी करपल्याचा वास आला तरी ‘गॅस बारीक कर’ म्हणायचं नाही.

मनीषा : ते मात्र अवघड आहे हो काकू!

लीलाकाकू : म्हणून तर आधी तू शिकायचंस. त्याचं काय, तो चार रविवारांत शिकेल.