गाडी कोणाची वाजतेय?

आमच्या सोसायटीतली एक नवीकोरी गाडी चोरीला गेली आणि तिच्या मालकांचा भाव एका रात्रीत वाढला. तोवर त्यांना कोणी धड नमस्कारही करत नसे. आता ते सकाळी दूध आणायला खाली उतरले की चार माणसं भोवती जमत आणि ते शांतपणे, "एकला होती, पाचला नव्हती," एवढंच सांगत. ज्यांच्या गाड्या जागेवर होत्या ते मान खाली घालून ऐकत. त्यांत मीही होतो. माझ्या गाडीवरच्या धुळीत कोणीतरी बोटाने 'धुवा' असं लिहून ठेवलं होतं. त्यापलीकडे तिला हात लावायची इच्छा कोणाला झाल्याचा पुरावा नव्हता.

पंचनाम्याला आलेल्या हवालदारांनी मात्र आशा दाखवली. म्हणाले, "नवी-जुनी असं काही नसतं साहेब. रस्त्यावर ज्या गाड्या जास्त, त्यांच्या पार्टांना गिऱ्हाईक जास्त. चोर तेच बघतो."

"म्हणजे माझीही जाऊ शकते?"

त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारून पाहिलं. "सांगता येत नाही," ते म्हणाले. त्यांच्या परीने त्यांनी धीर दिला होता.

आमच्या काकांच्या फियाटच्या काळात हा प्रश्न सोपा होता. गाडी लावली की बॉनेट उघडायचं, डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढायचं, आतला रोटर उपसून रुमालात गुंडाळायचा आणि खिशात घालून नाटकाला जायचं. रोटर नसेल तर ठिणगी प्लगपर्यंत पोचतच नाही. चोराने रात्रभर किल्ली फिरवली तरी गाडी जागची हलायची नाही. काका तीन अंकी नाटक खिशाला हात लावून बघत. काकूंची तक्रार चोरांबद्दल नव्हती, रुमालांबद्दल होती. पुढे डॅशबोर्डच्या खाली चोर-स्विच आला. तो इतका गुप्त असे, की काकांच्या गाडीत बसलेल्या प्रत्येकाला ते तो आवर्जून दाखवत.

मी अलार्म घ्यायला पुण्याच्या नाना पेठेत गेलो. तिथल्या दुकानदाराने मला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि काही बोलायच्या आत एका काळ्या भोंग्याला बॅटरी जोडली. पहिल्यांदा अँब्युलन्स आली, मग पोलिसांची गाडी, मग अग्निशामक दल, मग एक पक्षी, आणि शेवटी कुठल्याशा यंत्राचा घसा बसल्यासारखा आवाज. समोरच्या दुकानातल्या माणसाने मान वर करूनही पाहिलं नाही.

"पाच टोन," दुकानदार म्हणाला. "चोर पळालाच पाहिजे."

मोटार वाहन नियमांतला ११९वा नियम असं म्हणतो, की गाडीला एकापाठोपाठ वेगवेगळे सूर काढणारा हॉर्न नको आणि कर्कश किंवा घाबरवणारा आवाज करणारं दुसरं काही साधनही नको. सवलत फक्त अँब्युलन्स, अग्निशामक दल, पोलीस वगैरेंना. हे मी त्याला सांगितलं. त्याने माझ्याकडे बघून विचारलं, "साहेब, आपण वकील का?" मी नाही म्हटल्यावर त्याने पक्षी पुन्हा वाजवला.

अलार्म वाजायला चोर लागतच नाही, ही खरी अडचण. गाडीत एक शॉक सेन्सर असतो. धक्का किंवा थरथर जाणवली की तो भोंग्याला इशारा देतो. त्याला एक बारीक स्क्रू असतो, तो पिळून संवेदनशीलता कमी-जास्त करायची. नवा मालक स्क्रू हमखास जास्तीकडे पिळतो. मग बॉनेटच्या उबेला आलेलं मांजर उडी मारून उतरलं की अँब्युलन्स येते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पहिला सुतळी बॉम्ब फुटला की आमच्या पार्किंगमधल्या साऱ्या गाड्या एकसाथ कोकलतात. विसर्जनाला ढोलपथक कोपऱ्यावर आलं की गाड्या आधी बोलू लागतात आणि ढोल नंतर ऐकू येतो. एकदा तर एका पथकाने चांगला ठेका धरला होता आणि दुसऱ्या मजल्यावरच्यांची गाडी त्यात बरोबर समेवर वाजत होती. लोकांनी गाडीला टाळ्या दिल्या.

रात्री दोनला हे सुरू झालं की दिवे लागतात, माणसं गॅलरीत येतात. "चोर कुठे आहे?" असं विचारणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. प्रश्न एकच असतो: "गाडी कोणाची वाजतेय?" मग वॉचमन एकेका नंबरप्लेटवर टॉर्च मारत फिरतो, आणि बनियनवर धावत आलेल्या मालकाला सगळी सोसायटी वरून बघत राहते. अशा वेळी खराखुरा चोर तिथे असलाच, तर त्याने वर बघून "हो ना, कमाल आहे लोकांची" एवढं म्हणायचं आणि चालू लागायचं.

म्हणून मी इमोबिलायझर मागितला, म्हणजे परक्याच्या हाती गाडी सुरूच होऊ न देणारं यंत्र. दुकानदाराचा चेहरा पडला.

"साहेब, त्याचा आवाज नाही येत."

"तोच तर हवाय."

"मग बसवलाय हे लोकांना कसं कळणार?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि पुण्यात हा प्रश्न साधा नव्हे. यंत्र मात्र मला पाहताक्षणी आवडलं. युरोपात ऑक्टोबर १९९८पासून प्रत्येक नव्या मोटारीला ते सक्तीचं आहे. आपल्याकडच्या नव्या गाड्यांतही किल्लीच्या मुठीत एक चिप असते. तिला सेल लागत नाही. किल्ली लावायच्या जागेभोवती तारेचं वेटोळं असतं, त्यातून तिला जरुरीपुरती वीज मिळते आणि ती आपली खूण सांगते. खूण पटली तर इंजिनाचा कॉम्प्युटर पेट्रोल सोडतो, नाहीतर नाही. मंडईजवळ झाडाखाली बसणारा किल्लीवाला कानशीने दाते हुबेहूब घासून देईल. दरवाजा उघडेल, गाडी चालू होणार नाही. आमची गाडी सगळ्यात स्वस्त मॉडेलची, त्यामुळे कंपनीने ही चैन तिला दिली नव्हती. तिच्यासाठी बाहेरून बसवायचा संच होता: किल्लीच्या जुडग्यात एक बिल्ला, आणि तो जवळ नसेल तर इग्निशन आणि पेट्रोल पंपाची वाट तोडणारा रिले.

बसवायला आलेला मिस्त्री डॅशबोर्डखाली उताणा शिरला आणि दुपारभर त्याचे फक्त पाय दिसत होते. अधूनमधून आतून हात यायचा, "पकड द्या," "टेप द्या," आणि मी द्यायचो. मूळच्या वायरी त्याने कापायला घेतल्या तेव्हा मला गाडीच्या वतीने भूल द्यावीशी वाटली. संध्याकाळी तो बाहेर आला, हात पुसले, बिल्ला लांब नेऊन किल्ली फिरवून दाखवली. गाडी मख्ख.

"रिले कुठे बसवलाय?" मी विचारलं.

"ते नाही सांगत."

"अहो, गाडी माझी आहे."

"म्हणूनच. तुम्हाला सांगितलं की तुम्ही गॅरेजवाल्याला सांगणार, तो पोराला सांगणार. संपलं."

त्याने काकांना ओळखलं असणार.

विम्याची सूट हा या प्रकरणातला गोड भाग असेल असं मला वाटत होतं. ए.आर.ए.आय.ची मान्यता असलेलं यंत्र बसवलं आणि तसा दाखला दिला, तर गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर अडीच टक्के सूट, जास्तीत जास्त ५०० रुपये. ए.आर.ए.आय. म्हणजे कोथरूडकर जिच्या टेकडीवर पहाटे हात झटकत फिरतात ती संस्था, १९६६ची. मला वाटलं, इतक्या वर्षांच्या फिरण्याचं हे फळ. पण पाच वर्षांपुढच्या गाडीची किंमत विमा कंपनी आणि मालक यांनी आपसात ठरवायची असते, आणि आमच्या एजंटने ती मला तोंडावर सांगितली. त्या किमतीवरचा हप्ता, त्यावर अडीच टक्के... चहा-बिस्किटांचे सुटले असते.

"पण एक लक्षात ठेवा," एजंट म्हणाला. "चोरी झालीच तर कंपनी दोन्ही किल्ल्या मागते. एक दिलीत तर क्लेम अडकतो. गाडी मालकानेच विकली नाही कशावरून?"

म्हणजे इथेही पहिला संशयित मीच.

त्याच आठवड्यात इंग्लंडातल्या भाच्याचा फोन आला. त्याच्याकडे बटण दाबून सुरू होणारी, किल्ली खिशातच ठेवायची गाडी आहे. तिकडे आता दोघे चोर येतात. एक घराच्या दाराशी यंत्र धरून आतल्या किल्लीचा सिग्नल पकडतो, दुसरा गाडीजवळ उभा राहून तो तिला ऐकवतो, आणि मालक झोपलेला असताना गाडी मालक आल्याच्या समजुतीने निघून जाते. "म्हणून आम्ही रात्री किल्ली धातूच्या डब्यात ठेवतो, मामा. लहरी बाहेर पडत नाहीत. शिवाय स्टिअरिंगला जुना लोखंडी दांडा लावतो."

फोन स्पीकरवर होता. आई गहू निवडत होती. ती म्हणाली, "मग आम्ही काय वेगळं करतो?"

चौकशी केली तेव्हा कळलं, की एजंट गेल्यापासून दुसरी किल्ली आणि तिचा बिल्ला आईच्या ताब्यात आहे. स्वयंपाकघरात स्टीलचे डबे वरच्या फळीपासून खालच्या कप्प्यापर्यंत आहेत, आणि किल्ली त्यांतल्या एकात, धान्याच्या तळाशी आहे. हे इथे छापायला काही हरकत नाही. डबा कोणता, ते तिने मला सांगितलेलं नाही. म्हणाली, "तुला सांगितलं की तू लिहिणार."