आधी सुरू कोण होणार?

14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा सपोर्ट थांबवला. विंडोज 11 न पेलणाऱ्या ठाण्यातल्या टेंभी नाक्यावरच्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरात आता लिनक्सला पोटभाडेकरू ठेवायचं. दोघांची डिस्क एक, घड्याळ एक, एकमत मात्र नाही. लिनक्स घड्याळात ग्रीनिचची वेळ लिहितं, विंडोज तीच ठाण्याची समजतं. नवरात्रात देवीच्या आरतीला रात्रीचे आठ वाजलेले, विंडोजमध्ये दुपारचे अडीच! त्यात कधीकधी विंडोज ग्रब या बूटलोडरची यादी डावलून खुशाल एकटंच सुरू होतं. नाक्याला यात नवल नाही; 2022 पासून इथे एकाच वारशावर दोन शिवसेना चालतात. फक्त नाव नि चिन्हासाठी लिनक्स निवडणूक आयोगाकडे गेलेलं नाही. आणि ग्रब निदान काही सेकंद थांबून विचारतो तरी.