बिझी आहे, पण कोण ते विचारू नका

'टार्गेट इज बिझी.' बस्स, एवढंच. डिस्क सोडवायला 'यूमाउंट'ची आज्ञा द्यावी आणि लिनक्सनं हे तोंडावर फेकावं. कोण बसलंय, किती वेळ बसणार, उठवायचं कसं, यावर अवाक्षर नाही. तहसील कचेरीतला शिपाई 'साहेब बिझी आहेत' म्हणतो, तेव्हा निदान आतून कपबशांचा आवाज तरी येतो.

तांत्रिक खुलासा ऐका, म्हणजे रक्तदाब नीट चढेल. डिस्क कोणी धरून ठेवलीय याची नोंदवही कर्नलकडे नसतेच. किती जण धरून आहेत, एवढीच मोजणी असते. कोणीही धरलेलं असलं की तो आतून 16 नंबरची चूक परत पाठवतो. त्या 16 चं इंग्रजी म्हणजे हे 'बिझी'. पूर्वी त्याखाली कंसात एक टीप यायची, की काही बाबतीत 'एलएसओएफ' किंवा 'फ्यूजर' वापरल्यास उपयुक्त माहिती मिळते. 'काही बाबतीत'! पण निदान कोणत्या खिडकीवर जायचं ते कळायचं. अलीकडच्या आवृत्त्यांतून तीही गेली. दोन टेराबाइटच्या डिस्कसमोर शंभरेक अक्षरांची काटकसर झाली, अभिनंदन.

मग 'एलएसओएफ' चालवायचं. ते प्रत्येक प्रोसेसची झडती घेतं आणि निघतो कोण? बहुतेक वेळा एक टर्मिनल. वाचत नाही, लिहीत नाही, नुसतं बसलंय. 'सीडब्ल्यूडी' अशी नोंद असते, म्हणजे सध्याचा मुक्काम. सकाळी कोणीतरी 'सीडी' करून त्या फोल्डरात शिरला आणि चहाला गेला. आणि हा कोणीतरी अनेकदा तोच असतो, जो आता डिस्क सुटत नाही म्हणून बोंबलतोय. प्रॉम्प्टवर '/एमएनटी/बॅकअप' ढळढळीत दिसतंय, त्याच प्रॉम्प्टवर बसून हे गृहस्थ तीच आज्ञा पुन्हा देतात, फक्त एंटर जरा जोरात. बाहेर पडायला 'सीडी' एवढी दोन अक्षरं पुरतात. पण ते सुचायला आपणही आत आहोत हे मान्य करावं लागतं.

कधी कधी झडतीत काहीच सापडत नाही. तिथली एखादी स्वॅप फाइल चालू असते, किंवा आतल्या फोल्डरवर दुसरीच डिस्क माउंट केलेली असते. हे काम खुद्द कर्नलचं, प्रोसेसच्या फायलींत ते दिसणार कसं? म्हणजे धरून बसलाय कर्नल, आणि बिझी म्हणून सांगतोयही कर्नलच. नाव तेवढं सांगायचं नाही!

इथं एखादा अनुभवी सल्ला देतो, 'अरे, लेझी मार.' 'यूमाउंट'ला 'एल' जोडला की यादीतून डिस्कचं नाव तत्काळ गायब. आत बसलेले आतच राहतात आणि खुशाल लिहीतही राहतात, पण स्क्रीनवर सारं आलबेल. म्हणून साहेब केबल उपटतात. लिहिलेला मजकूर मेमरीतून डिस्कवर उतरायला पंचवीस-तीस सेकंदही लागू शकतात, हे बॅकअप उघडताना कळतं.

आणि ज्याला तेवढाही धीर नाही, त्याच्यासाठी 'फ्यूजर हायफन केएम'. हा पत्ता विचारत नाही, जो कोणी त्या डिस्कवर सापडेल त्याला थेट 'किल' करतो, आणि तेही सौम्य सूचना न देता, कारण दुसरं काही सांगितलं नाही तर तो मारण्याचाच सिग्नल पाठवतो. एकेकाला मारण्याआधी विचारायचं असेल तर 'आय' वेगळा जोडावा लागतो, म्हणजे सौजन्य हवं असेल तर अर्ज करा. पण खरी गंमत पुढं आहे. समजा, दरम्यान कुणी ती डिस्क सोडवून टाकली आणि तुम्हाला पत्ताच नाही. उरलं एक रिकामं फोल्डर, आणि ते आहे मूळ डिस्कवर. मग 'एम' चा अर्थ होतो, हे फोल्डर ज्या फाइलसिस्टिमवर आहे तिथले सगळे. सगळे! डेटाबेस, वेब सर्व्हर, तुमचं लॉगिन, तुमचं टर्मिनल. एका पेन ड्राइव्हपायी अख्खा सर्व्हर गारद. हे टाळायला मोठ्या लिपीतला 'एम' आहे, तो सांगतो की माउंट असेल तरच मार. पण घाईत कोण शिफ्ट दाबतंय? आणि ज्या मॅन्युअलमध्ये हे सगळं लिहिलंय, तिथंच निर्विकारपणे असंही नमूद केलंय, की 'फ्यूजर' स्वतःला कधीच मारत नाही, मात्र चालू असलेल्या दुसऱ्या 'फ्यूजर'ला मारू शकतो. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी दोन चिडलेल्या ॲडमिननी एकाच सर्व्हरवर, एकाच क्षणी ही आज्ञा दिली, तर जिंकेल कोण? निकाल लागेल जरूर, फक्त तो वाचायला एखादं टर्मिनल शिल्लक राहायला हवं.