क्रेडिटकाका

अणुशक्तीनगरच्या प्रत्येक इमारतीत एक क्रेडिटकाका असतो. आमचे दिवसभर ट्रॉम्बेच्या बीएआरसीत असतात. तिथे काय करतात ते बाहेर सांगायची सोय नाही, त्याची भरपाई संध्याकाळी लिफ्टमध्ये होते.

बारावी झालेलं पोर दिसलं की काका टक्के विचारत नाहीत. "एबीसी काढलंस का?" पोराला वाटतं बालवाडीचं काहीतरी असेल. मग प्रवचन सुरू: ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, स्थापना जुलै 2021, तीस तासांचं एक क्रेडिट, वर्षाला चाळीस, जमा केलेलं सात वर्षं टिकतं. शाळेतला अभ्याससुद्धा क्रेडिटमध्ये मोजणारा राष्ट्रीय आराखडा 2023 मध्ये आला, हे सांगेपर्यंत तळमजला येतो. काका पायाने दार अडवतात.

त्यांचं दैवत म्हणजे अमेरिकेत एडिसनला राहणारी पुतणी. तिने शाळेतच कॉलेजचा कॅल्क्युलस उरकला. तिकडे त्याला एपी म्हणतात. मे महिन्यात परीक्षा, पाचपैकी चार-पाच मिळाले की बरीच विद्यापीठं क्रेडिट देतात. शिवाय अनेक ठिकाणी ज्याची क्रेडिटं जास्त, त्याला विषय निवडायचा नंबर आधी. "आठचा तास बाकीच्यांच्या नशिबी!" हे वाक्य काका असं म्हणतात, जणू ते स्वतःच दहापर्यंत झोपणार आहेत.

घरी मात्र हे गणित जुळलं नाही. मुलाने बारावीला बायफोकलचं कॉम्प्युटर सायन्स घेतलं, दोनशे मार्कांचं. सी++ घोटून झालं. एफवायला गेला तर तिथे पुन्हा पहिल्या पानापासून प्रोग्रॅमिंग. काका गुणपत्रिका घेऊन कॉलेजात गेले, "याला या तासातून मोकळा करा." समोरच्या बाईंनी नम्रपणे विचारलं, "मोकळा करून बसवू कुठे? त्या वेळेला दुसरं काहीच नाही."

तेव्हापासून काकांनी डिप्लोमावाल्यांना धरलं. चीता कॅम्पचा एक मुलगा थेट सेकंड इयर इंजिनिअरिंगला लागला. काकांनी त्याला गेटवर गाठून पेढा भरवला. "शाब्बास! एक वर्ष वाचवलंस."

"कुठलं, काका? दहावीनंतर तीन वर्षं डिप्लोमाला गेली. बारावी करून फर्स्ट इयर केलं असतं तरी तीनच."

काकांनी बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं.

"वर प्रवेशाच्या फेऱ्या संपेपर्यंत तिकडे तास सुरू झाले होते," मुलगा म्हणाला. "पहिल्याच दिवशी गणिताचं एम-थ्री. बाकीच्यांचं एम-वन, एम-टू झालेलं. मी नुसतं उतरवून घेतो."

काका दोन दिवस लिफ्टऐवजी जिन्याने गेले. अणुभट्टीचा हिशेब चुकला असता तरी इतके खचले नसते, असं काकूंचं मत. काकू मतं देतात त्याला क्रेडिट नाही.

परवा पुतणीचा फोन आला. पहिल्या वर्षाचे बहुतेक विषय क्रेडिटात उडाले. पुढचे हवे होते, पण एकाच्या आधी दुसरा करावा लागतो आणि तो दुसरा जानेवारीतच शिकवतात. पूर्णवेळ विद्यार्थिनी राहायला सत्रात बारा क्रेडिटं तर हवीतच. म्हणून तिने कुंभारकाम घेतलंय. नंबर आधी लागला होता, त्यामुळे चाक खिडकीजवळचं मिळालं.

काका आता लिफ्टमध्ये सांगतात, "पुतणी सिरॅमिक्समध्ये आहे."