याचं त्याला बसतं

नाशकात सिडकोत, सातपुरात किंवा जुन्या नाशकातल्या एखाद्या बोळात टाकी काढलेली मोटारसायकल दगड लावून उभी दिसली, की समजावं, तो गाडीवेडा इथेच राहतो. गाड्या किती, असं त्याला विचारू नये. उत्तर अपूर्णांकात येतं: पावणेदोन येझदी, एक आरएक्स शंभर, आणि राजदूत निम्मी, उरलेली मामेभावाकडे.

कंपन्या निरनिराळी मॉडेलं काढतात ती निव्वळ गिऱ्हाइकाला फसवायला, हे त्याचं ठाम मत. ‘याचं त्याला बसतं’ हा त्याचा गुरुमंत्र. पंचाईत अशी की अधूनमधून तो खराही निघतो. आरएक्स शंभरचा बोअर 50 मिलिमीटर, एकशे पस्तीसचा 58. स्ट्रोक मात्र दोन्हीकडे 50! हे कळलं आणि त्याच्या घरातली शांतता संपली. मोठा ब्लॉक आणून नुसता ठेवला तर बसत नाही; क्रँककेसचं तोंड लेथवर वाढवून घ्यावं लागतं. अंबडचा एक टर्नर ते काम सेकंड शिफ्टला, सुपरवायझर जेवायला गेला की उरकून देतो. मग कार्बोरेटरचा जेट बदला, सायलेन्सरकडे बघा. 98 सीसीचे 132 होतात. या वाढीव ताकदीवर तो कुठवर पोचतो? पुन्हा त्याच टर्नरकडे, पॅकिंग लीक झालं म्हणून.

येझदी काढणाऱ्या म्हैसूरच्या आयडियल जावाला तो कुलदैवताच्या ओळीत बसवतो. गिअरचाच दांडा आत दाबून वर घेतला की किक होतो. एकाच तुकड्यात दोन कामं करणारा माणूस त्याच्या लेखी अवतारीच. कारखाना 1996 मध्ये बंद पडला. ‘माल येईल’ असं तो अजून म्हणतो. अंबड लिंक रोडचा भंगार बाजार महापालिकेने 2017 साली हटवला, तेव्हा त्याने जवळजवळ सुतकच पाळलं.

त्याच्या आरसी बुकातला इंजिन नंबर, चासी नंबर आणि प्रत्यक्ष गाडी या तिघांची एकमेकांशी ओळख नाही. त्यामुळे पेठ रोडवरून, म्हणजे आरटीओसमोरून, तो सहसा जात नाही. गाडी तशी फार जातही नाही म्हणा. ती चालू झाली की त्याचा चेहराच पडतो. आता उघडायचं काय?

हाच माणूस मुलीसाठी स्थळं बघायला लागला आणि आम्ही थक्क झालो. पोटजात तीच हवी, कुळी बघणार, गुण छत्तीसातले तीस तरी हवेत. सगळं ओरिजिनल, कंपनी फिटिंग! मुलीने आपलं आपण जमवलं होतं, आणि मुलगा अर्थातच दुसऱ्या मॉडेलचा.

‘‘हे कसं बसायचं?’’ तो ओरडला.

आतून बायको म्हणाली, ‘‘बसेल हो. फक्त लेथवर न्यायचं तर तुम्हालाच न्यावं लागेल.’’