उणे चौथाई

"मराठ्यांना थोडं कमजोर करू या" हे वाक्य महाराष्ट्रात मोठ्याने उच्चारायचं नसतं. मला ते रोज उच्चारावं लागतं, कारण मी गेम तपासतो.

सिड मायरचा 'सिव्हिलायझेशन' १९९१ साली आला. तेव्हापासून जगभरची शहाणी माणसं त्यात इ.स.पू. ४००० मध्ये एक गाव वसवतात आणि 'आता शेवटचा टर्न' म्हणत पहाट करतात. २०१० साली आलेल्या त्याच्या पाचव्या भागात भारत आहे, पण मराठे नाहीत. ही उणीव भरून काढायला माझ्या एका मित्राने मॉड, म्हणजे मूळ गेमला जोडायची घरगुती भर, लिहायला घेतला. कोड त्याचा, तपासणी माझी आणि न मागता मिळणारा इतिहास त्याच्या काकांचा.

काकांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "बारगिराचा घोडा सरकारी, शिलेदाराचा स्वतःचा. हे नसेल तर मॉड लिहूच नका." गेमच्या नियमांत हे चपखल बसलं. बारगीर हवा तर नकाशावर घोडे सापडले पाहिजेत. शिलेदाराला ती अट नाही, फक्त तो महाग. कागदावर उत्तम तोल. प्रत्यक्षात घोडे शोधायची कटकट नाही म्हटल्यावर संगणकाने शेतीवाडी सोडली आणि तो नुसते शिलेदार काढत सुटला. मध्ययुग संपायच्या आत इजिप्त, रोम आणि झुलू रायगडावर मुजऱ्याला रांगेत उभे.

"शिलेदाराची ताकद जरा उतरवू या," मी म्हटलं.

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. "कोणाची?"

"अहो काका, मराठे हरूच शकत नाहीत. मग खेळ कसला?"

"हरायचंच असेल तर १७६१ आहे की. त्यासाठी वीज कशाला जाळायची?"

गडांचंही तेच. 'डोंगर दिसला की किल्ला बांधावा' एवढी सूचना मित्राने संगणकाला दिली होती. ती त्याने अशा निष्ठेने पाळली की टेकड्यांवरच्या लोखंडाच्या खाणी मोडून तिथेही गड उभे राहिले. पुण्याभोवती तटबंदीच तटबंदी, आणि तलवारीला लोखंड नाही. मी तक्रार लिहीत होतो. काका पडद्याकडे पाहून भारावले होते.

पण बगांचा मुकुटमणी निघाला चौथाईत. चौथाई म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा. सरदेशमुखीचे १० टक्के वेगळे. मॉडमधला नियमही तसाच सरळ: शेजाऱ्याच्या दर टर्नच्या उत्पन्नातून हे दोन्ही हक्क आपल्या खजिन्यात जमा. एका डावात मात्र आमचाच खजिना आटत चालला. लढाई नाही, बांधकाम नाही, तरी मोहरा जातात कुठे? हिशेब उकलला तेव्हा कळलं की शेजारचे ऑटोमन दिवाळखोर झाले होते. त्यांचं उत्पन्न उणे ४०. त्याची चौथाई उणे १०, सरदेशमुखी उणे ४. म्हणजे आमचे स्वार दर टर्नला सीमा ओलांडून जात, दरडावून उभे राहत आणि १४ मोहरा देऊन परत येत.

मित्राने एक अट घातली: उत्पन्न शून्याच्या वर असेल तरच वसुली. काकांना तीही पटली नाही. "आमच्या वेळी असं सोडत नसत," म्हणाले. काका निवृत्त झाले ते विमा कंपनीतून.

उणे आकड्यांचा या गेमशी जुना संबंध सांगितला जातो. पहिल्या भागात म्हणे गांधीजींचा आक्रमकपणा १ होता. लोकशाही आली की त्यातून २ वजा होत, उणे आकडा संगणकाला कळत नसल्याने तो थेट २५५ होई आणि बापू अणुबाँब टाकू लागत. २०२० साली आत्मचरित्रात मायरने सांगून टाकलं की असा बग कधी नव्हताच. गंमत म्हणजे पाचव्या भागात गांधीजींची अण्वस्त्रांची हौस १० च्या पट्टीवर १२ आहे, आणि ती मुद्दाम ठेवलेली. बग नव्हता तो जगभर गाजला. आमचा खराखुरा होता, त्याला कोणी विचारत नाही.

शिलेदाराचा तंटा शेवटी मुत्सद्देगिरीने मिटला. त्याच्या आकड्याला कोणी हात लावला नाही; फक्त समोरच्या भालाइताला घोडदळाविरुद्ध मिळणारा जादा जोर आणखी वाढवला. गणित तेच, अपमान नाही. काकांनी दोनदा विचारलं, "मराठ्यांना काही केलं नाहीत ना?" नाही, काका. जे केलं ते बाकीच्या जगाला केलं.

इतिहासाने कुणालाही समान संधी दिली नाही. गेमला मात्र समोरच्यालाही जिंकू द्यावं लागतं, नाहीतर तो खेळ न राहता पोवाडा होतो. तेव्हा मॉड खेळताना हरलात तर आधी स्वतःचा खजिना बघा. खरंच बग सापडला, तर कितव्या टर्नला, कुठल्या गडावर, काय घडलं एवढंच लिहा आणि सेव्ह फाइल जोडा. बखर नको, ती काका लिहीत आहेत.