अर्धा ॲम्पिअर

जुन्या लॅपटॉपला काही जोडायला घेतलं की घरातले सगळेच तज्ज्ञ होतात. कुणी म्हणतं ड्रायव्हर नाही, कुणी म्हणतं व्हायरस आहे, आणि एखादा काही न बोलता पुढे होऊन पोर्टमध्ये फुंकर मारतो. हार्डडिस्क उपाशी असेल, हे मात्र कुणाच्या मनात येत नाही.

२००० साली आलेल्या यूएसबी २.० च्या नियमाप्रमाणे एक पोर्ट फार तर ५०० मिलिॲम्पिअर वीज देतो. अर्धा ॲम्पिअर. एवढ्यात माऊसचा जन्म सुखात जातो. हार्डडिस्कला आतली तबकडी फिरवायला सुरुवातीलाच कितीदा त्याहून जास्त लागते. कान जवळ नेऊन ऐकावं. दिवा लागतो, घरघर सुरू होते, आता वेग धरणार असं वाटतं तोच टक्! सगळं गप्प. पुन्हा घरघर, पुन्हा टक्. आणि पडद्यावर निरोप, की उपकरण ओळखता आलं नाही. उधारी मागायला आलेल्याला माणसं ओळखत नाहीत, अगदी तस्संच.

यावरचा उतारा काही जुन्या डिस्कच्या खोक्यातच यायचा: दोन तोंडांची केबल. एका पोर्टात भागलं नाही तर शेजारच्यातूनही वीज ओढायची. ती जास्तीची शेपटी काय कामाची, म्हणून लोकांनी केबल माळ्यावर टाकली. लॅपटॉप अगदीच म्हातारा नसेल तर एखाद्या पोर्टात निळी पट्टी दिसते. तो बहुधा यूएसबी ३.०, २००८ सालचा; ९०० मिलिॲम्पिअर देणारा उदार गडी. आधी तिथे लावून बघावं. फोन जोडल्यावर नुसताच चार्ज होत राहिला, तर केबल बदलावी. काही स्वस्त केबलींत विजेच्या दोनच तारा असतात, माहितीच्या गाळलेल्या.

प्लग पहिल्या खेपेस उलटाच का धरला जातो, याला मात्र इलाज नाही. यूएसबी घडवणाऱ्यांतले इंटेलचे अजय भट्ट मूळचे बडोद्याचे. दोन्ही बाजूंनी चालणारा प्लग केला असता तर तारा दुप्पट लागल्या असत्या, खर्च वाढला असता, असं ते सांगतात. हिशेब बिनतोड आहे. मनगटाला पटत नाही एवढंच.

जुन्या लॅपटॉपचा खरा मान व्याख्यानमालेत. वक्त्यांचा नवा, पातळ लॅपटॉप असतो, कन्व्हर्टर घरी राहिलेला असतो, आणि हॉलच्या प्रोजेक्टरला १९८७ सालचा पंधरा पिनांचा व्हीजीएच कळतो. कार्यकर्ते जुना लॅपटॉप आणतात, दोन्ही बाजूंचे स्क्रू चिमटीने आवळतात, विंडोजचं बटण आणि पी दाबतात. चित्र उमटतं. वक्त्यांची फाइलच तेवढी उघडत नाही. पण तो दोष जोडणीचा नव्हे.